वज्रेश्वरीच्या गाडीतला दंड

आमच्याकडे लग्न झालेली लेक माहेरी यायला निघाली की तिला आणायला तिचा भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. वाटेतलं गाडीभाडं मुराळ्याचं. लेकीने त्या वाटेवर तिकिटाला पैसे काढायचे नाहीत. काढले तर माहेर आटलं असं लोक म्हणतात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण मला ज्या दंडाबद्दल लिहायचं आहे तो या रिवाजाशिवाय समजणार नाही. मला स्वतःला तो अजून पुरता समजलेला नाही. तो योग्य होता की अन्याय होता हे ठरवायला मी पुष्कळदा कागद घेऊन बसलो आणि तसाच उठलो.

मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून, खरं तर आमच्या आख्ख्या आळीतून, कॉलेजात गेलेला मी पहिला. गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. बाबा गवताच्या वखारीत कामाला होते. गवत दाबून गठ्ठे बांधायचे आणि ट्रकवर चढवायचे. वर्षानुवर्षं ती धूळ त्यांच्या छातीत गेली होती. खोकल्याची उबळ आली की ते एका हाताने खांब धरायचे आणि दुसऱ्या हाताने आम्हाला लांब व्हायची खूण करायचे.

माझा बसचा पास काढायला ते माझ्याबरोबर डेपोत आले होते. फोटो चिकटवलेला तो पास त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "म्हंजे आता ह्यो नुस्ता दाखवायचा? पैसं कोन मागनार न्हाय?"

"न्हाय."

"आनि शाळा सुटली की?"

"कॉलेज, बाबा."

"तेच ते," म्हणून ते हसले. घरी येईपर्यंत गाडीत भेटेल त्याला ते सांगत होते की आमचा पोरगा आता नुसता खिशाला हात लावतो नि कंडक्टर पुढे जातो.

बहीण माझ्याहून मोठी. मी तिला बाय म्हणतो, ती मला बाला म्हणते. तिला नारपोलीला दिली होती. मेव्हणे लूमवर कामाला, आणि ती घरात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या घरात बोलायचं म्हणजे जरा ओरडूनच बोलावं लागायचं, कारण भिंतीपलीकडे दिवसभर लूम खटखटत असायचे. सवयीने ती गावी आल्यावरही मोठ्याने बोलायची आणि बाबा म्हणायचे, "अगो, हितं लूम न्हाय, बापूस हाय."

ते दिवस आणीबाणीचे होते. गाड्या वेळेवर सुटत होत्या, आणि तिकिटांची तपासणी पूर्वी कधी नव्हती इतकी कडक झाली होती. पूर्वी चेकर महिन्यातून एखादा दिसायचा. आता कोणत्याही नाक्यावर चढायचे.

सकाळचा दुसरा तास चालू होता. शिपायाने मला बाहेर बोलावलं. दारात माझा चुलतभाऊ उभा होता. पायात चपला नव्हत्या. त्याने मला कॉलेजच्या भिंतीकडे नेलं आणि सांगितलं. बाबा पहाटे खोकला येऊन उठून बसले आणि बसल्या जागी गेले.

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. त्याने माझा दंड घट्ट धरला होता हे आठवतं. तो म्हणाला, "मी बाजाराचं सामान घेऊन ट्रकनं येतो. तू बायला आन. आनि तिला सांगू नको. तुज्या आयनं बजावलंय, दारात आल्याशिवाय तिला कलता कामा न्हाय. बरं न्हाय, एवढंच बोल."

हा आमच्याकडचा दुसरा रिवाज. बाप किंवा आई गेली की लेकीला ती बातमी सासरी सांगत नाहीत, वाटेतही नाही. तब्येत बरी नाही म्हणून तिला आणतात. आळीच्या तोंडाशी आली की घरातून रडणं ऐकू येतं आणि तिला कळतं. त्या वेळी तिला धरायला तिची आई, काकी, घरची माणसं असतात. परक्या लोकांत, रस्त्यात, तिला कुणी पडताना पाहू नये, असा त्यामागचा विचार. तो विचार वाईट आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही म्हणवत नाही.

"तू का न्हाय जात?" मी त्याला विचारलं.

"माज्या तोंडावर दिसंल," तो म्हणाला. "आनि मुराळी भाऊच पायजे."

नारपोलीला मी चालत गेलो. बाय ओट्यावर कांड्या भरत होती. मला पाहून तिचा हात थांबला.

"काय रं? कॉलेज न्हाय?"

"बाबांना बरं न्हाय. आय बोलवते."

"परत खोकला?"

"हो."

यापूर्वी दोनदा असंच तिला बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा बाबा आठ दिवसांत वखारीत गेले होते. त्यामुळे ती घाबरली नाही. "त्यांना सांगितलं व्हतं, तोंडाला फडका बांधा म्हून. बांधतील तर ना," असं पुटपुटत ती लुगडं बदलायला आत गेली.

तिची सासू चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिला समजलं होतं. बाय बाहेर आली तेव्हा सासूने भाकरी आणि कालवण वाढून ठेवलं होतं.

"आत्या, उशीर होतोय. आता कशाला?"

"दोन घास खा नि जा. वाटेत उपाशी चक्कर येते."

"मना कदी चक्कर आली?"

"बोलू नको. खा."

मृताच्या घरी चूल पेटत नाही. पुढचं अन्न हिच्या पोटात कधी जाईल याचा हिशेब त्या बाईने माझ्या चेहऱ्यावरून केला होता. बाय जेवली. मलाही वाढलं होतं. मी पाणी पीत राहिलो. निघताना सासू तिला म्हणाली, "तुज्या पोराला संध्याकाळी पाठवते त्याच्या बापासंगं." बायने विचारलं, "त्यांना कशाला शिफ्ट पाडायला सांगता?"

स्टँडवर वज्रेश्वरीची गाडी लागलेली होती. मी पुढे झालो, तर बाय मागे नाही. वळून पाहतो तो ती फळांच्या गाडीपाशी उभी. मोसंबी दाबून बघत होती.

"बाय, गाडी सुटंल."

"सुटत न्हाय. डायवर बघ, चा पितोय. बापसाला रिकाम्या हातानं बघाला जाऊ?" मग फळवाल्याला, "ए भैया, ठीक से लगा. बीमार आदमी के वास्ते है."

"बीमार के वास्ते तो सबसे मीठा दिया है, बहेनजी."

"मीठा है के नहीं, वो मेरा बाप बताएगा. खट्टा निकला तो इधरीच वापस लाएगी."

तो हसला, तीही हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाडं तुजं, फलं माजी." तिने पदराची गाठ सोडून पैसे दिले. मी नुसता उभा होतो. नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

गाडीत तिला पुढे बायकांमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी मागे दांड्याला धरून उभा राहिलो. बरंच झालं असं मला वाटलं, कारण माझा चेहरा तिला दिसत नव्हता. गाडी सुटली. तिच्या शेजारी मावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी पायाशी घेतलेली एक बाई होती. दोघींचं बोलणं सुरू झालं आणि बायच्या मोठ्या आवाजामुळे मला मागपर्यंत ऐकू येत होतं.

"माहेरी चाललंस गो?"

"हां. मुराळी आलाय. तो काय मागं. भाऊस हाय माजा. कॉलेजात हाय."

"सन न्हाय, वार न्हाय, नि मुराळी?" असं म्हणत त्या बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं आणि पुढे बराच वेळ तिचा आवाज आला नाही. एकटी बायच बोलत होती, बाबांनी तिच्या लग्नात वखारीतून उसना ट्रक आणला होता त्याबद्दल.

मी आळीचं तोंड डोळ्यांपुढे आणत होतो. बायला कुठे धरायचं, मोसंबीची पिशवी कुणी घ्यायची, रस्त्यावरून आत जाताना कुणी भेटलं आणि बोलून गेलं तर काय करायचं. कंडक्टर मागच्या दाराकडून तिकिटं देत आला. माझ्यासमोर आला. रोज सकाळ-संध्याकाळ जे म्हणत होतो ते मी म्हणालो, "पास." खिशाला हात लावला. तो ओळखीचा होता, पुढे सरकला.

पुढे जाऊन त्याने बायला विचारलं असणार. तिने नंतर सांगितलं की त्याने विचारताक्षणी ती म्हणाली, भावाकडं हाय. मुराळी बरोबर असताना तिच्या तिकिटाचा विचार तिच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. कंडक्टरने मागे एकदा पाहिलं, गर्दी होती, तो पुढे गेला.

नाक्यावर गाडी थांबली आणि चेकर चढला. खाकी कपडे, हातात पावतीपुस्तक. त्याने पुढून सुरुवात केली.

"तिकीट."

"भावाकडं हाय," बाय म्हणाली.

"कोण भाऊ?"

"तो काय, पांढऱ्या शर्टातला."

तो माझ्यापाशी आला. मी पास दिला. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं. "हा तुझा. बाईंचं तिकीट?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"साहेब, राहिलं. विसरलो. आत्ता काढतो."

"पकडल्यावर सगळ्यांनाच आठवतं." त्याने कंडक्टरला हाक मारली. "काय रे, ह्या बाईंना तिकीट का नाही?"

कंडक्टर घाईघाईने म्हणाला, "साहेब, मी विचारलं. बाई बोलल्या भावाकडं आहे. हा बोलला पास."

"ऐकलंस? तू पास दाखवायचा, तिने तुझ्याकडे बोट दाखवायचं. चांगली युक्ती आहे. कॉलेजात शिकवतात का?"

गाडीत दोघेतिघे हसले. मागच्या सीटवरचा एक लूमवाला म्हणाला, "जाने दो ना साहब, लडका है, भूल गया." चेकर त्याला म्हणाला, "तुमचं तिकीट काढून ठेवा, येतोच."

बाय उठून गर्दीतून मागे आली. पिशवी हातात होतीच.

"युक्ती कसली? आमी काय चोर हाव? भाडं घ्या नि सोडा. बापूस आजारी हाय, त्याला बघाला चाललोय."

"भाडं आणि वर दंड. नियम आहे, बाई."

"चूक झाली त्याला दंड कशाला? पोरगा रोज ह्याच गाडीनं जातो, कंडक्टरला ठाव हाय. विचारा त्याला." कंडक्टर खिडकीबाहेर पाहत होता. तिचा आवाज आणखी चढला. "माज्या बाबाच्या गल्याची शप्पत घेऊन सांगते, आमी फुकट जानारी मानसं न्हाय. खोटं बोलत आसंन तर त्याला—"

ती वाक्य पुरं करणार होती. आमच्याकडे ते वाक्य कसं पुरं होतं हे मला माहीत होतं. मला ते ऐकवलं नसतं. आणि त्याच क्षणी मला एक वाट दिसली. चेकर शिकलेला होता, मी शिकत होतो, आणि बायला इंग्रजी येत नव्हतं. मी त्याच्याकडे सरकून हळू म्हणालो, "सर, माय फादर इज डेड."

पुढचं वाक्य, तिला हे माहीत नाही, हे मी मनात जुळवत होतो. मराठीत ते एका श्वासात आलं असतं. इंग्रजीत मला शब्द पुढे-मागे लावून बघावे लागत होते. तेवढ्यात मला दिसलं की बाय मागे वळून मावरेवालीकडे अभिमानाने पाहत होती. भाऊ साहेबाशी इंग्रजीत बोलतोय.

"वा!" चेकर म्हणाला. तो गाडीभर ऐकू जाईल असं बोलत होता, त्याच्या कामाची ती सवय असावी. "हा म्हणतो बाप मेला. ही म्हणते बाप आजारी आहे. आधी दोघं बसून ठरवा, बाप आजारी आहे की मेलाय. मग मला सांगा."

बाय त्याच्या अंगावर गेली. "तुजी जीब झडो! माज्या बाबाला मेला बोलतंस? बोलला कोन? कोन बोलला मेला?" आणि मग माझ्याकडे वळून, "सांग ना त्याला, बाला. सांग बाबा हाय म्हून."

गाडी उभीच होती. इंजिन चालू होतं. मी काही बोललो नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती किंचाळेल, खाली पडेल. मी हात पुढे केलेही होते. तिने काहीच केलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मावरेवाली उठून तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिने बायच्या पाठीवर हात ठेवला आणि चेकरला म्हणाली, "अरे मेल्या, मुराळी बिना सनाचा आलाय, तुला कलत कसं न्हाय?"

चेकरला ते मुराळ्याचं कितपत कळलं ठाऊक नाही. पण त्याने बायचा चेहरा पाहिला होता. त्याने पावतीपुस्तक मिटलं. त्याच्या आवाजातला सगळा जोर गेला. "राहू दे," तो म्हणाला. "घंटी मार रे. जाऊ दे गाडी."

"थांबा," बाय म्हणाली.

तिने पदराची गाठ पुन्हा सोडली.

"पावती फाडा."

"राहू द्या, बाई. मला माहीत नव्हतं."

"मगाशी घेत व्हतात ना? माजा बाबा जिता व्हता तवा दंड घेत व्हतात. आता बी घ्या."

"बाई, ऐका—"

"त्याच्या मरनावर मना फुकट न्यायचं न्हाय. फाडा."

तिचे आणि माझे मिळून पैसे पुरले. चेकरने पावती लिहिली. लिहिताना त्याचं पेन दोनदा अडलं. पावती त्याने माझ्याकडे दिली. तिच्याकडे द्यायचं त्याला धैर्य झालं नसावं. तो पुढच्या थांब्यापर्यंत दारात पाठ करून उभा राहिला आणि उतरून गेला. बाकीच्यांची तिकिटं त्याने तपासली नाहीत.

बायला कुणीतरी जागा दिली. मी तिच्याजवळ उभा राहिलो. खिडकीबाहेर बघतच ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नव्हे तर अगदी हळू म्हणाली, "मना न्हाय सांगितलंस. त्याला सांगितलंस."

आम्ही वेळेत पोचलो. बाबांना अंगणात ठेवलं होतं, सगळे तिचीच वाट पाहत होते. ती आळीच्या तोंडाशी दिसताच आत बायकांनी रडणं मोठं केलं. काकी धावत तिला धरायला आली. पण बाय कोरड्या डोळ्यांनी चालत आली. तिने काकीचा हात बाजूला केला, मोसंबीची पिशवी बाबांच्या उशाशी ठेवली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवत बसली. थोड्या वेळाने कुणीतरी तयारीसाठी पिशवी उचलून कुडाच्या भिंतीला टेकवली. "लेक रडली न्हाय," असं नंतर गावात पुष्कळ दिवस बोललं गेलं. काकीने मला एकटं गाठून विचारलं, "तू वाटेत सांगितलंस?" मी नाही म्हणालो. ते खरंही होतं.

दिवस झाल्यावर घरच्या वडील माणसांत त्या पावतीचा विषय निघाला. चुलते म्हणाले, "सुतकातल्या माणसाकडनं दंड घेतात? तू शिकलेला हायस. अर्ज कर. परत देतील." सगळ्यांनी माना हलवल्या. माझं शिक्षण घराच्या उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ होती. मलाही वाटत होतं की दंड चुकीचा होता. फसवायचा हेतू नव्हता, मग दंड कशाचा?

मी डेपोच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब वयस्कर होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पाणी मागवलं. मग विचारलं, "तिकीट होतं?"

"नव्हतं."

"मग तक्रार कशाबद्दल?"

"विसरलो होतो, साहेब. लबाडी नव्हती."

"खरं असेल. मला तुमच्याकडे बघून तसंच वाटतं. पण चेकरने गाडीत कुणाकडे बघून काय वाटून घ्यायचं? विसरलेल्याचा नि लबाडाचा खिसा सारखाच दिसतो." ते थोडं थांबले. "आणखी एक सांगतो. प्रवाशाची चूक नाही असं आम्ही लिहिलं, तर ती कंडक्टरची होते. गाडीत तिसरा कोण होता? हल्ली दिवस कसे आहेत तुम्ही बघताय. त्याची नोकरी जाईल."

मला खिडकीबाहेर पाहणारा कंडक्टर आठवला.

"पण सवलत मिळू शकते," साहेब म्हणाले. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तक्रार करू नका. विनंती लिहा. घरात दुःखद प्रसंग घडल्यामुळे, वगैरे. मी शिफारस करतो."

ते चांगले गृहस्थ होते. मी पेन घेतलं. 'माझे वडील' असे दोन शब्द लिहिले. पुढे लिहायचं ते सोपं होतं आणि या वेळी मराठीत होतं. पण बाबांच्या मरणावर फुकट जायचं नाही असं ती म्हणाली होती, आणि मी पुन्हा एकदा तेच मरण तिला न विचारता एका परक्या माणसापुढे ठेवत होतो. मी कागदाची घडी केली, साहेबांना नमस्कार केला आणि उठलो. त्यांनी "का?" असं विचारलं. तोवर मी दारापाशी पोचलो होतो.

बाय अजून माहेरीच होती. मी परत आलो तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती.

"काय बोलला सायेब?"

"अर्ज न्हाय केला."

"बरं झालं. तिकीट न्हवतं ना? मग दंड बरोबर व्हता."

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. म्हणालो, "बाय, आयनं बजावलं व्हतं. दारात येस्तवर सांगू नको म्हून."

"मना ठाव हाय." तिचा हात थांबला नव्हता. "तुज्या जागी मी आसते तर मी बी तेच केलं असतं. रीतच हाय." राखेने घासलेलं पातेलं तिने पालथं घातलं. "पन बघ ना. सासूला कललं व्हतं. मावरेवालीला कललं व्हतं. तुला ठाव व्हतं. आख्ख्या वाटंत माजा बापूस मेलेला मना एकटीला ठाव न्हवता. मी मोसंबीचा भाव करत व्हते. हसत व्हते रं मी त्या भैयासंगं."

मग ती रडली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच बसून राहिलो. तिला हात लावावा की नाही ते मला ठरवता आलं नाही.

पुढच्या दिवाळीला मी मुराळी म्हणून नारपोलीला गेलो. बायने मला ओट्यावर चढू दिलं नाही. पायरीवरच विचारलं, "आय हाय ना? खरं सांग." मी हो म्हणालो, तेव्हा ती बाजूला झाली. त्यानंतर मी कधीही गेलो, सणाला किंवा लग्नाला, की पायरीवर तोच प्रश्न. सासू एकदा म्हणाली, "अगो, शुभ दिवशी असं काय विचारतेस?" बाय म्हणाली, "शुभ हाय म्हून तर विचारते."

तीन वर्षांनी एका दुपारी मी त्या पायरीपाशी उभा होतो. माझं कॉलेज संपलं होतं, पासही संपला होता. लूम नेहमीसारखे खटखटत होते. बाय कांडी हातात घेऊन दारात आली.

"आय हाय ना?"

"न्हाय, बाय," मी म्हणालो. "सकाळी गेली."

तिच्या मागे सासू उभी होती. "अरे, दोन घास तरी पोटात जाऊ द्यायचे होते," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बाय तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारच्या बायका आल्या. कुणी तिची आई नव्हती, काकी नव्हती, पण त्यांनी तिला धरलं. एक मुसलमान शेजारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

मग ती उठली. तोंड धुतलं. आत जाऊन पैसे पदरात बांधून आली.

गाडीत आम्ही शेजारी बसलो. कंडक्टर आला तेव्हा मी खिशात हात घातला. बायने माझा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पैसे पुढे केले.

"दोन," ती म्हणाली.

मला वाटलं तिला आठवण करून द्यावी, माहेर आटलं असं लोक म्हणतात त्याची. पण माहेराबद्दल त्या दिवशी तिला काय सांगणार? दोन्ही तिकिटं तिने मुठीत घट्ट धरली होती. नाका आला, गाडी थांबली. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं. एक म्हातारा कोंबडी घेऊन चढला, आणि गाडी सुटली.

फाट्यावर उतरल्यावर तिने मूठ उघडली. घामाने ओलं झालेलं माझं तिकीट माझ्या हातात दिलं आणि पुढे चालू लागली.